राज्यपाल कोर्टात येणार नाहीत. त्यांचा आदेश मात्र यायलाच हवा



२६ नोव्हेंबर २०२५. तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्ही संविधान दिनाचा कार्यक्रम ठेवला होता. उद्देशिकेचं वाचन झालं, चहा झाला, आणि आयटीआय करणाऱ्या एका मुलाने उभं राहून विचारलं, "ताई, कलम १४ म्हणतं कायद्यापुढे सगळे समान. मग कलम ३६१ मध्ये राष्ट्रपती आणि राज्यपालांना सूट कशाला दिली? बाबासाहेबांनी एक राजा घालवला आणि दुसरा बसवला का?"

मागे बसलेले एक जुने कार्यकर्ते उठले. "अरे, तू बाबासाहेबांना प्रश्न विचारतोस?" मी त्यांना म्हटलं, "काका, विचारू द्या. तो संविधान वाचून विचारतोय. न वाचता टाळ्या वाजवणाऱ्यांपेक्षा हे बरं." मुलगा खाली बसला, पण त्याचा चेहरा उतरला होता. त्या दिवशी मी त्याला अर्धंच उत्तर दिलं. उरलेलं अर्धं इथे लिहिते आहे, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

आधी कलम ३६१ काय म्हणतं ते बघू. आपल्यापैकी फार थोड्यांनी ते शेवटपर्यंत वाचलेलं असतं. आपल्या पदाचे अधिकार वापरताना जे केलं त्याबद्दल राष्ट्रपती आणि राज्यपाल कोणत्याही न्यायालयाला उत्तरदायी नाहीत. पदावर असेपर्यंत त्यांच्यावर फौजदारी खटला सुरू करता येत नाही किंवा चालू ठेवता येत नाही. पदावर असेपर्यंत अटक होत नाही. खाजगी व्यवहाराबद्दल दिवाणी दावा करायचा तर दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते.

इथेच वाचणं थांबवलं तर राजाच दिसतो. पण त्याच कलमात परंतुक आहे. सरकारविरुद्ध, म्हणजे भारत सरकारविरुद्ध किंवा राज्य सरकारविरुद्ध, दाद मागण्याच्या कोणाच्याही हक्कावर यामुळे बंधन येणार नाही. आणि राष्ट्रपतींच्या वर्तनाची चौकशी महाभियोगात करता येते. आता यादीत कोण नाही तेही बघा. पंतप्रधान नाहीत. मुख्यमंत्री नाहीत. मंत्री नाहीत, कलेक्टर नाहीत, तहसीलदार नाहीत. ज्यांच्या हातात खरी सत्ता आहे त्यांतला एकही माणूस या यादीत नाही. घटना समितीत बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणातच सांगितलं होतं की आपला राष्ट्रपती हा राज्याचा प्रमुख असेल, कार्यकारी सत्तेचा नाही. तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालेल. म्हणून कवच सहीला आहे, आणि सहीमागच्या निर्णयासाठी सरकार उत्तर देणार. हा त्या मांडणीचा अर्थ आहे.

कागदावर हे ठीक दिसतं. जमिनीवर काय होतं? त्यासाठी तुम्हाला एका आजोबांकडे घेऊन जाते.

माझे वडील रेल्वेत गँगमन होते. मी डहाणू रोडच्या क्वार्टरमध्ये वाढले. विहार, १४ एप्रिल, ६ डिसेंबर, हे सगळं लहानपणापासून. पण स्टेशनच्या पूर्वेला दहा किलोमीटरवर राहणाऱ्या वारली माणसाचं आयुष्य मला माहीत नव्हतं. समाजशास्त्रात एम.ए. केलं तेव्हा मॅक्स वेबर वाचला. आधुनिक राज्यात सत्ता माणसाची नसते, पदाची आणि नियमांची असते, हे परीक्षेत लिहून चांगले मार्कही मिळवले. ते खरं आहे की नाही ते मला नंतर कळलं. वनहक्काच्या दाव्यांचं काम करताना.

आजोबांचं वय सत्तरच्या आसपास. उतारावर दोन एकरांचा प्लॉट, त्यात भात आणि नागली. त्यांच्या वडिलांच्या काळापासूनची कसणूक. पुरावा म्हणून त्यांच्याकडे वनखात्याने केलेल्या दंडाच्या जुन्या पावत्या होत्या. गंमत बघा, ज्या कागदाने त्यांना चोर ठरवलं तोच कागद ते तिथे होते हे सिद्ध करतो. ग्रामसभेचा ठराव झाला होता, वनहक्क समितीची मोजणी झाली होती, गावातल्या दोन म्हाताऱ्यांचे जबाब लावले होते. तरीही एक दिवस छापील कागद आला. "दावा अपात्र." कारणाच्या रकान्यात काहीच नाही. कागद कोणत्या कार्यालयाचा ते सांगत नाही, कारण असे कागद मी एकाच ठिकाणचे पाहिलेले नाहीत.

आजोबा मला म्हणाले, "बाय, साहेब रागावला असंल. आपण भेटून येऊ."

मित्रांनो, या वाक्यावर मी खूप विचार केला आहे. साहेब रागावला म्हणून गेलं, साहेब खूश झाला तर मिळेल. आजोबांना हे शिकवलं कोणी? इतिहासाने. याच तालुक्यातल्या झरी गावात १९४५ साली वारल्यांची परिषद झाली आणि वेठबिगारीला नकार दिला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी शहीद झाले. गोदावरी आणि शामराव परुळेकरांना सरकारी हुकमाने जिल्ह्याबाहेर काढलं गेलं. कोर्टात आरोप सिद्ध करायची गरज नव्हती, हुकूम पुरेसा होता. ज्या माणसांनी हुकमाचं राज्य पाहिलं आहे त्यांना कारण मागायचं असतं हे ठाऊक कसं असणार?

पण कायद्याने कारण मागता येतं. वनहक्क कायदा २००६ सालचा. दावेदाराला म्हणणं मांडायची वाजवी संधी दिल्याशिवाय त्याच्याविरुद्ध निकाल देऊ नये, असं तो सांगतो. नियम सांगतात की ज्येष्ठ माणसांचा जबाब हा पुरावा आहे, एका विशिष्ट कागदाचाच हट्ट धरून दावा नाकारता येत नाही, आणि नाकारला तर कारणं लेखी नोंदवायची आणि दावेदाराला प्रत्यक्ष कळवायचं. इतकं सगळं असूनही कायद्यात एक भोक होतं. जिल्हास्तरीय समितीचा निर्णय अंतिम. त्यावर अपील नाही. गरीब माणसाला एकच रस्ता उरायचा, हायकोर्ट. तलासरीच्या पाड्यावरून मुंबई हायकोर्ट किती लांब आहे ते किलोमीटरमध्ये मोजू नका.

१३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जंगलातून काढण्याचा आदेश दिला, तेव्हा आमच्याकडच्या घराघरात भीती पसरली. २८ फेब्रुवारीला त्याच न्यायालयाने तो आदेश थांबवला आणि राज्यांना विचारलं, दावे फेटाळताना कोणती प्रक्रिया पाळली ते प्रतिज्ञापत्रावर सांगा. म्हणजे देशातल्या लाखो कुटुंबांचं छप्पर शेवटी एका प्रश्नावर येऊन थांबलं. प्रक्रिया पाळली का?

आता अपिलाची एक गोष्ट सांगते. तीही आपल्या कोकणातल्या माणसाची आहे. ए. आर. अंतुले महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. जानेवारी १९८२ मध्ये सिमेंट प्रकरणात मुंबई हायकोर्टाचा निकाल विरोधात गेला आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. मुख्यमंत्र्याला कलम ३६१ नाही, म्हणून खटला उभा राहिला. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, लवकर निकाल लागावा म्हणून, तो विशेष न्यायाधीशाकडून काढून थेट हायकोर्टाकडे दिला. अंतुल्यांनी त्याला आव्हान दिलं. २९ एप्रिल १९८८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने मान्य केलं की आमचं चुकलं. कायद्याने ठरलेलं न्यायालय बदलल्यामुळे या माणसाचा अपिलाचा एक टप्पा गेला, समानतेच्या हक्कावर घाला आला. न्यायालयाने स्वतःचा आदेश मागे घेतला.

त्या काळात अनेकांना हे रुचलं नसेल. एवढ्या मोठ्या पुढाऱ्याला एवढी सवलत? पण नीट बघा, ती सवलत नव्हती. आरोपी कितीही मोठा असो किंवा नावडता असो, प्रक्रिया त्याचीही आहे. आणि मग माझा साधा प्रश्न. मुख्यमंत्र्याचं एक अपील बुडालं तर देशाचं सर्वोच्च न्यायालय आपली चूक दुरुस्त करतं. तलासरीच्या म्हाताऱ्याला पहिलं अपीलच मिळत नाही, तेव्हा कलम १४ कुठे जातं?

हे भोक बुजलं ते राज्यपालांच्या सहीने. डहाणू आणि तलासरी पाचव्या अनुसूचीत येतात. या अनुसूचीतल्या परिच्छेद ५ प्रमाणे, संसदेचा किंवा विधिमंडळाचा कायदा अनुसूचित क्षेत्राला लागू होणार नाही किंवा फेरफार करून लागू होईल, असं राज्यपाल अधिसूचना काढून ठरवू शकतात. आपल्यासारख्या शहरी वस्तीतल्या कार्यकर्त्यांना राज्यपाल म्हणजे शपथविधीचा माणूस वाटतो. पण या डोंगरपट्ट्यात राज्यपालांच्या एका सहीने कायद्याचं कलम बदलतं. मे २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांच्या अधिसूचनेने वनहक्क कायद्याच्या कलम ६ मध्ये फेरफार झाला आणि जिल्हा समितीच्या निर्णयावर विभागीय समितीकडे अपील करण्याची सोय झाली.

आम्ही आजोबांचं अपील केलं. त्यांनी विचारलं, "राज्यपाल म्हंजे कलेक्टरच्या वरचा का? मग तोच चांगला हाय." मी हो म्हणणार होते, पण थांबले.

कारण त्याच राज्यपालांची दुसरी गोष्ट आपल्याला माहीत आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये त्या वेळच्या मंत्रिमंडळाने विधान परिषदेवर नेमण्यासाठी १२ नावं पाठवली. राज्यपालांनी ना होकार दिला ना नकार. महिने गेले. प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं. १३ ऑगस्ट २०२१ ला मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांच्या खंडपीठाने सांगितलं की कलम ३६१ मुळे राज्यपाल न्यायालयाला उत्तरदायी नाहीत, आम्ही त्यांना आदेश देऊ शकत नाही. पण वाजवी मुदतीत निर्णय घेणं हे त्यांचं कर्तव्य आहे आणि आठ महिने पुरेसे होते. त्यानंतरही निर्णय आला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये नव्या सरकारने ती यादीच परत घेतली.

एकच माणूस, एकच खुर्ची. एका सहीने आदिवासीला अपील मिळालं. दुसऱ्या ठिकाणी सहीच झाली नाही आणि हायकोर्ट हात जोडून बसलं. म्हणून मी आजोबांना म्हटलं, "आजोबा, तो चांगला आहे की वाईट, हा आपला प्रश्नच नाही. उद्या दुसरा येईल. आपला प्रश्न एवढाच की कागदावर कारण आहे का, आणि ते कारण कायद्यात बसतं का."

त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे, मित्रांनो. कवच खुर्चीवरच्या माणसाला आहे. त्याच्या आदेशाला नाही. बिहार विधानसभा बरखास्तीच्या प्रकरणात, जानेवारी २००६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. राज्यपालांना व्यक्तिशः कोर्टात खेचता येणार नाही, पण त्यांचा आदेश तपासता येईल. ११ मे २०२३ ला महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाच्या निकालात पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की बहुमत चाचणी बोलावण्याचा राज्यपालांचा निर्णय योग्य नव्हता, कारण त्यामागे ठोस आधार नव्हता. पण ठाकरे यांनी चाचणीआधीच राजीनामा दिला होता, म्हणून जुनं सरकार परत आणता आलं नाही. आदेश चुकीचा ठरला, पण परिणाम मात्र तसाच राहिला. आणि आमच्या कार्यक्रमाच्या सहाच दिवस आधी, २० नोव्हेंबर २०२५ ला, राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांवर सर्वोच्च न्यायालयाने मत दिलं. विधेयकांवर सही करण्यासाठी न्यायालय राज्यपालांना मुदत घालून देऊ शकत नाही. पण कारण न देता दीर्घकाळ काहीच न करणं मात्र मर्यादित प्रमाणात तपासता येईल, तिथे कलम ३६१ ची आडकाठी चालणार नाही.

मला हे पुरेसं वाटत नाही, हेही स्पष्ट लिहिते. काहीच न करणं हाही एक आदेश असतो, आणि गरिबाला तोच जास्त मिळतो. मुदत नसलेलं कर्तव्य म्हणजे आमच्या भागातल्या कार्यालयातलं "पुढच्या आठवड्यात या". आणखी एक दुखणं. २०२४ मध्ये पश्चिम बंगालच्या राजभवनातल्या एका कंत्राटी महिला कर्मचाऱ्याने राज्यपालांवर लैंगिक छळाचा आरोप केला. राज्यपालांनी तो नाकारला. खरं काय ते मी इथून ठरवणार नाही. पण कलम ३६१ मुळे तपासच अडला आणि तिला सर्वोच्च न्यायालयात जाऊन विचारावं लागलं की मी राज्यपालांचं पद संपेपर्यंत थांबायचं का. पदाचं काम आणि पदावरच्या माणसाचं खाजगी कृत्य यांतली रेघ स्पष्ट झाली पाहिजे, अशी मागणी आपण केली पाहिजे. तशी मागणी करणं म्हणजे संविधानविरोध नाही.

तरीही आपलं कवच निदान खुर्चीपुरतं आहे. कल्याण सिंह राजस्थानचे राज्यपाल होते तोवर बाबरी प्रकरणात त्यांच्यावर आरोप ठेवता आले नाहीत. सप्टेंबर २०१९ मध्ये पद गेलं आणि त्याच महिन्यात त्यांना न्यायालयात हजर व्हावं लागलं. पुढे २०२० मध्ये ते निर्दोष सुटले, तो वेगळा भाग. पण हजर झाले. अमेरिकेत याच्या उलट झालं. १ जुलै २०२४ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की राष्ट्राध्यक्षाच्या अधिकृत कृत्यांना पद सोडल्यावरही फौजदारी खटल्यापासून संरक्षण आहे. राजाविरुद्ध लढून जन्मलेल्या देशाने हे केलं. ज्या देशाच्या घटनेतून "ड्यू प्रोसेस" हा शब्द जगभर गेला, त्या देशाने.

आणि हा शब्द आपल्या संविधानात का नाही? घटना सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटून आले आणि मसुद्यातून तो निघाला. त्या जागी "कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती" आली. डिसेंबर १९४८ मध्ये बाबासाहेबांनी दोन्ही बाजूंचे धोके मांडले आणि निर्णय सभागृहावर सोडला. पण ते स्वस्थ बसले नाहीत. सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनी नवं कलम आणलं, आजचं कलम २२, आणि आधीच्या शब्दांवर आपण स्वतःही समाधानी नव्हतो हे सभागृहात मान्य केलं. अटकेचं कारण कळलं पाहिजे, वकील मिळाला पाहिजे, २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर नेलं पाहिजे. पुढे १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी असलीच पाहिजे असं सांगितलं आणि निघालेला शब्द मागच्या दाराने परत आला. बाबासाहेब स्वतःच्या मसुद्यावर असमाधान व्यक्त करू शकत होते. मग त्या आयटीआयच्या मुलाने प्रश्न विचारला तर आपल्याला राग का येतो?

इथे आपल्याच चळवळीकडे बोट दाखवते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितलं होतं की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. आपल्या किती संघटनांमध्ये अध्यक्षाला हिशोब विचारता येतो? किती वेळा एखाद्या कार्यकर्त्याला कारण न देता, म्हणणं न ऐकता व्हॉट्सअॅपवर "हकालपट्टी" कळवली जाते? प्रत्येक गटात आपण एक छोटं कलम ३६१ लिहून ठेवलं आहे, आणि त्याला परंतुकही नाही.

दुसरी गोष्ट जास्त कडू आहे. प्रक्रिया कधी आपल्या बाजूच्या आदेशालाही पाडते. आंध्रच्या राज्यपालांनी अनुसूचित क्षेत्रातल्या शिक्षकांच्या सर्व जागा स्थानिक आदिवासींना राखून ठेवल्या होत्या. एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. पाचव्या अनुसूचीतला अधिकारही मूलभूत हक्कांच्या अधीन आहे असं सांगितलं. आमच्याकडच्या पेसा भरतीची वाट पाहणाऱ्या मुलांना त्याची झळ लागली. मला तो निकाल पटत नाही. पण त्याविरुद्ध युक्तिवाद करायचा तो निकाल वाचून, पुनर्विचार मागून, कायदा बदलायला लावून. "राज्यपालांनी केलंय, कोर्ट कोण?" असं म्हणून नाही. ते वाक्य उद्या आपल्याच मानेवर येईल.

तरुण मित्रांनो, तुमच्या कामाचं सांगते. मोर्चात पुढे असणाऱ्या कोणाला तडीपारीची नोटीस आली तर घाबरून गाव सोडू नका. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे आरोपांचं स्वरूप लेखी कळवणं आणि म्हणणं मांडू देणं बंधनकारक आहे. कलम ६० प्रमाणे ३० दिवसांत सरकारकडे अपील आहे. दावा फेटाळला, शिधापत्रिका रद्द झाली, शिष्यवृत्ती थांबली, तर पहिला अर्ज साहेबांच्या दयेसाठी करू नका. पहिला अर्ज कारणांच्या प्रमाणित प्रतीसाठी करा.

आजोबांना अजून पट्टा मिळालेला नाही. अपिलात दावा फेरविचारासाठी परत आला. एका पानाचा आदेश आहे, त्यात लिहिलं आहे की ज्येष्ठांचे जबाब आणि दंडाच्या पावत्या का विचारात घेतल्या नाहीत याचं कारण मूळ निर्णयात दिसत नाही. तो कागद आजोबांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कुडाच्या भिंतीला अडकवला आहे. मुलगा वैतागून म्हणतो, "ताई, याला काय चाटायचं?" त्याचं चुकत नाही. पण मागच्या वेळी गेले तेव्हा आजोबांनी भेटून येऊ असं म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, "बाय, आता त्यांनी काय कारण लिवलं?"

त्या मुलाला माझं उरलेलं उत्तर एवढंच आहे. बाबासाहेबांनी दुसरा राजा बसवला नाही. आजोबांनी जो प्रश्न विचारला, तो विचारण्याचा हक्क त्यांनी आपल्याला दिला. आपण तो विचारत राहिलो नाही, तर खुर्चीवर बसलेला प्रत्येक माणूस राजा होईल.

जय भीम! जोहार! जय संविधान!